श्रेयनामावलीच्या तळाशी (भाग ६) : ड्वाइट फ्रायचं हसू

१२ फेब्रुवारी १९३१ या दिवशी न्यूयॉर्कच्या रॉक्सी थिएटरात ‘ड्रॅक्युला’ लागला. त्यानंतर महिन्याभराने, १४ मार्चला, गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला. हॉलिवूड तेव्हा आपल्यापेक्षा कितीतरी पुढे होतं, असा आपला समज असतो आणि पैशाच्या, यंत्रांच्या बाबतीत तो खराही आहे. पण पडद्यावरच्या माणसाने तोंड उघडल्यावर नेमकं काय करायचं, हा प्रश्न दोन्हीकडे तेवढाच ताजा होता. ‘द जॅझ सिंगर’ येऊन तिथेही अजून साडेतीन वर्षं झाली नव्हती.

मायक्रोफोनपायी कॅमेरा कसा काचेच्या खोलीत कोंडला गेला, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. यंत्रांचं पुराण तिथेच सोडून या आठवड्यात एका नटाकडे वळू. ड्वाइट फ्राय. नाव ऐकलेलं नसेल तर बिघडत नाही. त्याचं काम तुम्ही पाहिलेलं असण्याची शक्यता बरीच आहे आणि त्याची नक्कल तर पाहिलेलीच आहे. वेड्या शास्त्रज्ञाच्या तळघरात कंदील घेऊन खुरडत फिरणारा कुबडा मदतनीस, मालकाच्या नावाने लाळ गाळणारा, डोळे फाडून खिदळणारा चाकर : कार्टूनपासून जाहिरातींपर्यंत सगळीकडे भेटणाऱ्या या मंडळींचा मूळपुरुष म्हणजे फ्राय. गंमत अशी की मूळ भूमिका त्याने मोजून दोन-तीनच केल्या, आणि तेवढ्यांनी त्याची पुढची कारकीर्द खाऊन टाकली.

त्याचा जन्म २२ फेब्रुवारी १८९९चा, कॅन्सस राज्यातल्या सलायना गावचा. आडनाव मुळात नुसतं ‘फ्राय’. शेवटचं न उच्चारलं जाणारं अक्षर त्याने नट झाल्यावर जोडलं. वाढला डेन्व्हरमध्ये. घरच्यांनी त्याला पियानोला बसवलं होतं, आणि हा मुलगा मैफिलीत वाजवणारा पियानोवादक होणार अशीच सगळ्यांची अटकळ होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिचं काम पुढे पडणार आहे. विशीच्या आसपास तो डेन्व्हरच्याच एका स्टॉक कंपनीत शिरला. स्टॉक कंपनी म्हणजे ठरलेला नटसंच घेऊन आठवड्याला नवं नाटक उभं करणारी मंडळी. या आठवड्यात म्हातारा नोकर, पुढच्यात लाडावलेला मुलगा, त्याच्या पुढच्यात खुनी. आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांमध्ये घडलेल्या नटाला जसं वेगळं शिक्षण लागलं नाही, तसंच या लोकांचं.

१९२२मध्ये तो ब्रॉडवेवर पोहोचला. त्याच वर्षी पिरांदेल्लोच्या ‘सिक्स कॅरेक्टर्स इन सर्च ऑफ ॲन ऑथर’चा तिथला पहिला प्रयोग झाला आणि त्यातला मुलगा फ्रायने केला. ही भूमिका अवघड, कारण तो मुलगा बाकीच्यांच्या नाट्यात पडायलाच तयार नसतो. बाजूला, घुम्यासारखा, तोंड फिरवून उभा. म्हणजे रंगमंचावर असायचं, पण काही ‘करायचं’ नाही, आणि तरी लोकांचं लक्ष धरायचं. १९२४मध्ये त्याने ‘सिटिंग प्रिटी’ नावाच्या संगीत नाटकात काम केलं. संगीत जेरोम कर्नचं, लेखनात गाय बोल्टनच्या जोडीला पी. जी. वुडहाउस. मराठी वाचकाला वुडहाउस वेगळा सांगायला नको. त्याच्या नाटकात कसली माणसं असणार याचा अंदाज आपोआप येतो. पुढे ज्याला सगळं जग वेडा आणि विकृत म्हणून ओळखणार, तो माणूस या काळात विनोदी कामं आणि संगीतिका करत होता, हे आज खरं वाटत नाही. १९२६च्या अखेरीस ‘द डेव्हिल इन द चीज’ या नाटकात त्याच्यासोबत दोन नट होते : फ्रेडरिक मार्च आणि हंगेरीहून आलेला बेला लुगोसी. पाच वर्षांच्या आत यातला एक जेकिल आणि हाइड होणार होता, दुसरा ड्रॅक्युला, आणि फ्राय त्या ड्रॅक्युलाचा गुलाम.

बोलपट आला तसे हॉलिवूडचे दलाल नाटकवाल्यांच्या मागे लागले. कारण साधं. मूकपटातल्या कित्येक नामवंतांना वाक्य बोलायची सवय नव्हती आणि नाटकवाल्यांना दुसरं काहीच येत नव्हतं. त्यातच १९२९मध्ये शेअर बाजार कोसळला, ब्रॉडवेवर एकामागून एक नाटकं बंद पडू लागली, आणि नट मंडळी गाडीत बसून पश्चिमेला निघाली. फ्रायही निघाला. लॉस एंजेलिसमध्ये एक नाटक केलं, १९३०मध्ये ‘द डोअरवे टू हेल’ या गुंडपटात छोटं काम मिळालं. आणि मग युनिव्हर्सलकडून बोलावणं आलं.

‘ड्रॅक्युला’मधल्या रेनफिल्डबद्दल थोडं सांगायला हवं. ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीत ट्रान्सिल्व्हेनियाला जातो तो जोनाथन हार्कर. रेनफिल्ड हा इंग्लंडमधल्या वेड्यांच्या इस्पितळातला, माश्या आणि कोळी खाणारा रुग्ण. ही दोन वेगळी माणसं. सिनेमावाल्यांनी त्यांना जोडलं. पडद्यावर काउंटच्या वाड्यावर कागदपत्रं घेऊन जाणारा नीटनेटका वकीलही रेनफिल्डच आणि पुढे कोळ्यांमागे धावणारा वेडाही तोच. लेखकांनी हे बहुधा पात्रं कमी करायला केलं असावं, पण त्यामुळे नटाच्या हाती मोठं घबाड लागलं. एकाच माणसाचं ‘आधी’ आणि ‘नंतर’ दाखवायची संधी या चित्रपटात फक्त त्यालाच आहे. ड्रॅक्युला पहिल्यापासून शेवटपर्यंत ड्रॅक्युलाच असतो. प्रेमिकांची जोडी लाकडी आहे. बदलतो तो एकटा रेनफिल्ड.

पहिल्या भागातलं त्याचं बोलणं ऐकलंत तर त्यात वेडाची पुसटशीही खूण नाही. जरा घाईचं, सभ्य, थोडं पोकळ हसू असलेलं, अनोळखी घरी कामासाठी गेलेल्या माणसाचं बोलणं. कागदांना लावलेली टाचणीसारखी क्लिप बोटाला टोचते, रक्ताचा ठिपका येतो, काउंट पुढे सरसावतो आणि रेनफिल्डच्या गळ्यातला क्रूस मध्ये आल्यावर तोंड फिरवतो. रेनफिल्डला यातलं काहीच कळलेलं नसतं. तो स्वतःशीच ओशाळून बोट तोंडात घालतो. या भागात फ्रायने काहीही ‘पेरून’ ठेवलेलं नाही, आणि मला हेच मोठं वाटतं. पुढे आपण वेडे होणार आहोत हे जणू नटालाही ठाऊक नाही.

मग बोटीचा प्रसंग. वादळाची दृश्यं एका जुन्या मूकपटातून उचललेली आहेत, त्यामुळे खलाशी जरा जास्तच झटपट हलतात, नजरेत भरतं. पण ते संपलं की बोट बंदरात लागलेली आहे. सुकाणूला बांधलेल्या मेलेल्या कप्तानाची नुसती सावली दिसते. लोक दिसत नाहीत, त्यांचे आवाज तेवढे येतात. आणि त्या आवाजांच्या खालून आणखी एक आवाज यायला लागतो. कोणीतरी हसतंय. बोटीच्या तळघराचं झाकण उघडतं, कॅमेरा वरून खाली बघतो, आणि जिन्याच्या तळाशी फ्राय वर तोंड करून उभा असतो.

ते हसू कसं आहे ते जरा बारकाईने ऐका. ते खदाखदा नाही. वेड्याचं हसू म्हणून नाटकात जे चालत आलंय, वर चढत जाऊन किंचाळीत फुटणारं, तसं तर मुळीच नाही. दात जवळजवळ मिटलेले, आवाज घशातून, एकाच पट्टीत, सारख्या अंतराने. हं, हं, हं, हं. दम लागत नाही, वेग वाढत नाही, ते कशावर प्रतिक्रिया म्हणूनही येत नाही. झाकण उघडायच्या आधीही ते चालू होतं आणि झाकण बंद केलं तरी चालूच राहील, असं वाटायला लावतं. चेहरा हसत नाहीच. डोळे ताणलेले आहेत, त्यांत गयावया आहे. हसण्यात आनंद नसला की ऐकणाऱ्याला कुठे धरायचं ते कळत नाही.

पियानोची गोष्ट लक्षात ठेवा म्हटलं ती यासाठी. फ्रायने हे हसू कसं बसवलं याबद्दल त्याच्या तोंडची साक्ष माझ्याकडे नाही, पण कानाला जे पटतं ते सांगतो. हे ताल राखून केलेलं काम आहे. नाटकातला नट शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला आवाज वाढवतो. फ्रायने तो उतरवला आणि सम कायम ठेवली. मायक्रोफोन समोर असताना ओरडायची गरज उरलेली नाही, हे १९३०च्या शरद ऋतूत फार थोड्या नाटकवाल्यांना उमगलं होतं. याच चित्रपटात त्याच्याभोवतीचे बाकीचे सभ्य लोक अजून नाट्यगृहातल्यासारखेच थांबून थांबून, शब्द सुटे करून बोलताहेत.

आणखी एक गोष्ट त्याच्या पथ्यावर पडली. ‘ड्रॅक्युला’त पार्श्वसंगीत जवळपास नाही. सुरुवातीच्या नामावलीवर चायकोव्हस्कीचं ‘स्वान लेक’ वाजतं, मध्ये एका संगीतसभेच्या प्रसंगात थोडं वाद्यसंगीत येतं, बाकी शांतता. त्या दिवसांत संवादांखाली नंतर संगीत मिसळणं हे खर्चाचं आणि कटकटीचं काम होतं. शिवाय खोलीत वाजवणारे दिसत नसताना संगीत कुठून आलं असं प्रेक्षक विचारतील, अशीही निर्मात्यांना धास्ती असे. या रिकाम्या शांततेमुळे हा चित्रपट आज पुष्कळांना कंटाळवाणा वाटतो. कबूल, मधला भाग रेंगाळतो. पण ती शांतता नसती तर बोटीतलं हसू एवढं ऐकू आलं नसतं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस फिलिप ग्लासने या चित्रपटाला नव्याने संगीत दिलं, क्रोनोस क्वार्टेटने ते वाजवलं. संगीत म्हणून उत्तम आहे. चित्रपट बघताना मात्र ते बंद ठेवावं, असा माझा फुकटचा सल्ला.

उलट बाजूही आहे. १९३१मध्ये अमेरिकेतल्या सगळ्या थिएटरांत ध्वनियंत्रणा बसलेली नव्हती. अशा ठिकाणांसाठी युनिव्हर्सलने ‘ड्रॅक्युला’ची मूक आवृत्तीही काढली होती, मधे मधे लिखित पाट्या असलेली. लुगोसीचं तिथे फारसं अडलं नसेल. त्याचा झगा आणि बोटं बोलायला पुरेशी होती. फ्रायच्या वाट्याला नुसते ताणलेले डोळे उरले असणार. पाटीवर हसू कसं लिहिणार?

याच चित्रपटाचं तिसरंही एक रूप आहे, आणि या लेखमालेसाठी ते सगळ्यात उपयोगाचं. तोवर एका भाषेतला चित्रपट दुसऱ्या भाषेत डब करायचं तंत्र बसलं नव्हतं. परदेशातली बाजारपेठ तर सोडवत नव्हती. मग स्टुडिओंनी सरळ दुसऱ्या भाषेत दुसरा चित्रपटच काढायला सुरुवात केली. दिवसा दिग्दर्शक टॉड ब्राउनिंगची मंडळी इंग्रजी ‘ड्रॅक्युला’ करून घरी गेली की रात्री त्याच सेटवर जॉर्ज मेलफर्ड स्पॅनिश बोलणारे नट घेऊन तोच चित्रपट स्पॅनिशमध्ये करी. तेच जिने, तीच कोळ्याची जाळी, तीच शवपेटी. काउंट कार्लोस व्हियारिआस, आणि रेनफिल्ड पाब्लो आल्व्हारेस रुबिओ. हा रात्रीचा चित्रपट पाऊण तास नाही तरी चांगला अर्धा तास लांब आहे, आणि त्याचा कॅमेरा इंग्रजीपेक्षा जास्त मोकळा फिरतो यावर जाणकारांचं आज बऱ्यापैकी एकमत आहे.

दोन्ही रेनफिल्ड एकापाठोपाठ एक पाहिले की सहकलाकाराचं काम म्हणजे काय असतं ते पुस्तकाशिवाय कळतं. रुबिओ वाईट नाही, त्याच्यात जोर आहे. पण तो वेड बाहेर फेकतो. तोंड उघडून हसतो, किंचाळतो, अंगाने बोलतो. फ्राय वेड आत दाबायला बघतो आणि ते त्याला जमत नाही. इस्पितळातल्या प्रसंगांत तो मधेच शहाण्यासारखं, जवळजवळ पहिल्या वकिलाच्या आवाजात बोलू लागतो. वाचवा म्हणतो, इथून लांब पाठवा म्हणतो, आणि खिडकीबाहेर मालकाची चाहूल लागली की तोच आवाज वाक्याच्या मध्यावर घसरतो. हजारो उंदीर आपल्याला देऊ केल्याचं तो सांगतो तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत असतात आणि तो मात्र समोरच्या हवेत ते उंदीर बघत असतो. प्रेक्षकालाही ते दिसतात. त्या प्रसंगावर एक पैचाही खर्च झालेला नाही.

एक कथा, एक सेट, दोन भाषा, दोन नट हा प्रकार आपल्याला नवा नाही. प्रभातने १९३२मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी असा दोन्ही भाषांत काढला. १९३४च्या ‘अमृतमंथन’मध्ये तर राजगुरूच दोन होते : मराठीत केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. केशवराव रंगभूमीवरचे मुरलेले नट, चंद्रमोहन पडद्यावर नवखा. आणि तरी हिंदुस्थानभर डोक्यात बसले ते चंद्रमोहनचे डोळे. स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’च्या बाबतीत झालं ते याच्या उलट, रुबिओचा रेनफिल्ड कित्येक वर्षं कोणी पाहिलाच नाही, कारण तो चित्रपटच बाजूला पडला होता. नटाचं नाव टिकतं की नाही, हे असं डब्यांच्या नशिबावरही असतं.

‘ड्रॅक्युला’ चालला, तसा युनिव्हर्सलने त्याच वर्षी, नोव्हेंबरात, ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणला. दिग्दर्शक जेम्स व्हेल. फ्रायला काम मिळालं फ्रिट्झचं, म्हणजे शास्त्रज्ञाच्या कुबड्या मदतनिसाचं. मेरी शेलीच्या कादंबरीत असा कोणी नाही. तो आला नाटकांतून. १८२३मध्येच लंडनच्या रंगभूमीवर या कथेचं नाटक झालं तेव्हा त्यात फ्रिट्झ नावाचा नोकर होता. गोष्ट एकट्या शास्त्रज्ञाची असली की त्याने बोलायचं कोणाशी, ही नाटकवाल्यांची जुनी अडचण, आणि तिच्यावर नोकर हा त्यांचा जुनाच तोडगा.

फ्रिट्झ मेंदू चोरायला वैद्यकीय महाविद्यालयात शिरतो. चांगला मेंदू असलेली बरणी उचलतो, कुठूनसा मोठा आवाज होतो, दचकतो, बरणी फुटते. मग शेजारची, विकृत मेंदूची बरणी काखोटीला मारून पळतो. अख्ख्या चित्रपटातल्या अनर्थाचं मूळ हे! मला मात्र त्याची आठवण ठेवावीशी वाटते ती दुसऱ्याच एका क्षणासाठी. रात्री अवेळी दारावर थाप पडते. फ्रिट्झ बुटकी काठी टेकत दगडी जिना उतरून येतो, दार न उघडताच आलेल्यांना पिटाळतो, पुटपुटत परत जिना चढायला लागतो, आणि मध्येच थांबून घसरलेला मोजा वर ओढतो. बस्स. पुढे चालू लागतो. त्या मोज्याची कथेला काडीची गरज नाही. पण त्या क्षणापासून हा भुताटकीतला कुबडा राहत नाही. थंडीत, अर्धवट झोपेत, फुकटच्या कटकटीने वैतागलेला एक नोकर होतो. हे व्हेलने सुचवलं की फ्रायने, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. विनोदी नाटकांत मुरलेल्या माणसाच्या अंगातच ते बसतं.

फ्रिट्झचा अंतही कानाने बघायचा आहे. त्या बिचाऱ्या राक्षसाला तो मशालीने आणि चाबकाने छळत असतो. वर शास्त्रज्ञ आणि त्याचे गुरू बोलत असताना खालून किंकाळी येते. धावत जातात तो सगळं संपलेलं असतं. मरण दिसत नाही, फक्त ऐकू येतं. ‘ड्रॅक्युला’त यायची चाहूल आवाजाने, ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये जाण्याची खबर आवाजाने.

त्याच वर्षी त्याने एक तिसरी गोष्ट केली होती, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. डॅशियल हॅमेटच्या ‘द माल्टीज फाल्कन’वरचा पहिला चित्रपट १९३१चा, हम्फ्री बोगार्टच्या दहा वर्षं आधीचा. त्यात विल्मर, म्हणजे पिस्तूल बाळगणारा तो खुनशी पोरगा, फ्रायने केला. बोलणं अगदी कमी, सगळा भर नजरेवर. १९३४नंतर सेन्सॉरचे नियम कडक झाले, हा चित्रपट पुन्हा दाखवायला परवानगी मिळेना, आणि वॉर्नर ब्रदर्सने शेवटी १९४१मध्ये नव्याने काढला. नवा गाजला. जुना विस्मरणात गेला आणि त्याच्यासोबत फ्रायचा तो शांत, धोकादायक मुलगाही. तो लोकांच्या डोळ्यांसमोर राहिला असता, तर कदाचित पुढची कामं वेगळी आली असती.

पण ती आली नाहीत. इथे त्या काळच्या स्टुडिओंची रीत समजून घ्यायला हवी. वर्षाला ढिगाने चित्रपट काढायचे तर प्रत्येक छोट्या कामासाठी नटाची परीक्षा घेत बसणं परवडत नाही. म्हणून नटांचे ठोकळे ठरलेले : हा खानसामा, ही कजाग मोलकरीण, हा दारुडा डॉक्टर. चेहरा दिसला की प्रेक्षकाला अर्धी ओळख आपोआप पटते, तेवढी दोन वाक्यं वाचतात, तेवढी फिल्म वाचते. नटालाही त्यात फायदा. काम नियमित मिळतं. पण खानसाम्याचा ठोकळा वर्षाला वीस चित्रपटांत लागतो. माश्या खाणारा वेडा किती चित्रपटांत लागणार? फ्रायच्या वाट्याला आलेला ठोकळा असा होता की त्याच्याखेरीज दुसऱ्याला शोभत नव्हता आणि मागणी मात्र जेमतेम.

दुय्यम भूमिकांना मान द्यायची पद्धतही तेव्हा नव्हती. सहायक नटासाठी ऑस्कर सुरू झालं ते १९३६च्या चित्रपटांपासून, आणि सुरुवातीची काही वर्षं त्यांना पुतळा नव्हे, नुसती फलकासारखी पट्टी देत. १९३१मध्ये रेनफिल्ड करणाऱ्या माणसाला मिळण्यासारखं काही नव्हतंच. मुख्य भूमिकेतल्या लुगोसीलाच आठवड्याला ५०० डॉलरप्रमाणे एकंदर साडेतीन हजार मिळाले होते, यावरून बाकीच्यांचं काय ते ओळखावं.

१९३३मध्ये मॅजेस्टिक पिक्चर्स या छोट्या कंपनीने ‘द व्हॅम्पायर बॅट’ काढला. (या मॅजेस्टिकचा गिरगावातल्या मॅजेस्टिकशी संबंध नाही.) युनिव्हर्सलचे ‘फ्रँकेन्स्टाइन’साठी उभारलेले गावाचे सेट त्यांनी भाड्याने घेतले आणि रात्री चित्रीकरण केलं. फ्रायने त्यात गावातला भोळसट हर्मन केला. वटवाघळं आवडणारा, त्यांना कुरवाळणारा. गावात खून होतात, सगळ्यांना हर्मनचा संशय येतो, मशाली घेतलेला जमाव त्याच्या मागे लागतो आणि त्यात तो जातो. खरा गुन्हेगार वेगळाच असतो. बघताना एक विचित्र गोष्ट जाणवते : गावकरी त्याला ज्या कारणासाठी गुन्हेगार ठरवतात, त्याच कारणासाठी आपणही ठरवलेलं असतं. हा तर ड्वाइट फ्राय, म्हणजे हाच असणार. एका स्वस्त चित्रपटाने ठोकळ्याचाच असा उपयोग करून घेतला, ही हुशारी मानली पाहिजे.

१९३५च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये व्हेलने त्याला पुन्हा बोलावलं, या वेळी कार्ल नावाच्या प्रेतचोराच्या कामासाठी. कार्लचं एक लांबलचक उपकथानक होतं. तो आपल्याच काकाचा काटा काढतो आणि आळ राक्षसावर जातो. चित्रपट लांबला, तसं ते कापून टाकलं. उरलेला कार्ल खून करतो, ताजं हृदय आणून देतो आणि शेवटी मनोऱ्यावरून फेकला जातो. काम चोख आहे, पण मला ते रेनफिल्डच्या आसपासही वाटत नाही, आणि दोष त्याचा एकट्याचा नाही. चार वर्षांत बोलपट बदलला होता. फ्रांझ वॅक्समनचं भरघोस वाद्यवृंदाचं संगीत आता चित्रपटभर वाजत होतं, आणि फारच सुंदर वाजत होतं. ज्या शांततेत फ्रायचं हसू उभं राहिलं होतं, ती जागाच शिल्लक नव्हती.

पुढची आठ वर्षं पटकन सांगून टाकतो, कारण ती तशीच गेली. गुंड, हेर, वार्ताहर, घाबरलेला साक्षीदार. जेम्स कॅग्नीच्या १९३७च्या ‘समथिंग टू सिंग अबाउट’मध्ये त्याला स्टुडिओतल्या केशरचनाकाराचं छोटंसं विनोदी काम मिळालं, ते जरूर पाहावं, चुटकीसरशी कळतं की हा माणूस काय करू शकला असता. १९३९च्या ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये त्याने केलेलं काम संकलनात गेलं. त्याच्या आदल्या वर्षी मात्र ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ जोडीने पुन्हा प्रदर्शित झाले होते आणि तिकिटांसाठी रांगा लागल्या होत्या. आता सेन्सॉरच्या कैचीतून जाताना रेनफिल्डच्या मरणाच्या किंकाळ्या ध्वनिपट्टीवरून कमी केल्या गेल्या. या दुसऱ्या फेरीतून नटांना दमडी मिळत नसे. पुनःप्रदर्शनाचे पैसे नटांना द्यायची पद्धतच तेव्हा नव्हती. १९४२च्या ‘घोस्ट ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये तो जमावातला एक गावकरी आहे, नावसुद्धा नाही. ज्याच्या मागे जमाव लागायचा तो आता जमावात.

युद्ध सुरू झालं तसा तो रात्रपाळीला विमानाच्या कारखान्यात, लॉकहीडमध्ये, हत्यारं आणि साचे यांची आरेखनं करू लागला. दिवसा मिळेल ते चित्रपटाचं काम. हृदय बिघडलं होतं, पण घरचा पंथ ख्रिश्चन सायन्सचा, डॉक्टरकडे न जाण्याचा. त्याने दुखणं घरच्यांपासूनही लपवलं. १९४३मध्ये एक खरोखर वेगळी संधी आली. फॉक्स कंपनी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्यावर ‘विल्सन’ हा मोठा, खर्चिक चित्रपट काढत होती आणि त्यातल्या युद्धमंत्री न्यूटन बेकरसाठी फ्रायची निवड झाली. चष्मा, सूट, शहाण्या माणसाचं बोलणं. चित्रीकरण सुरू होण्याआधी, ७ नोव्हेंबर १९४३ला, कुटुंबासोबत सिनेमा बघून परतताना हॉलिवूडमध्येच बसमध्ये तो कोसळला. वय ४४. मृत्यूच्या दाखल्यात व्यवसायाच्या रकान्यात नट लिहिलेलं नाही, कारखान्यातलं आरेखकाचं काम लिहिलंय.

यावरून ‘बिचारा फ्राय’ असा सूर लावणं सोपं आहे आणि त्याच्यावर लिहिणारे बरेच जण तो लावतात. मला तो पुरता पटत नाही. त्याच्यावर अन्याय झाला यात शंका नाही, पण पन्नासहून जास्त चित्रपट केलेल्या आणि पोटापाण्यापुरतं काम अखेरपर्यंत मिळवलेल्या सहकलाकाराची गोष्ट त्या काळात अपवादाची नव्हती. अपवादाचं होतं ते त्याने १९३०च्या शेवटच्या महिन्यांत केलेलं काम. मायक्रोफोनला शब्दांपेक्षा शब्दांच्या मधलं जास्त चांगलं ऐकू येतं : श्वास, खाकरणं, गिळलेला हुंदका, कारण नसलेलं हसू. हे त्याला कळलं तेव्हा बहुतेकांना अजून उच्चारांचीच चिंता होती.

एक घोळ निस्तरून थांबतो. त्या कुबड्या मदतनिसाचं नाव विचारलं तर शंभरातले नव्वद लोक ‘इगोर’ सांगतील. फ्रायच्या पात्राचं नाव इगोर कधीच नव्हतं. तो फ्रिट्झ, नंतर कार्ल. इगोर आला १९३९च्या ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये, त्याला कुबड नाही, फाशी फसल्यामुळे मान वाकडी झालेली, आणि ते काम केलं बेला लुगोसीने. पुढे लोकांच्या डोक्यात दोघांची सरमिसळ झाली, १९७४च्या ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’मध्ये मार्टी फेल्डमनने कुबड आणि इगोर हे नाव एकत्र करून त्याची मनसोक्त टर उडवली, आणि तेच पक्कं झालं. म्हणजे लोकांनी नाव लुगोसीचं घेतलं आणि अंग फ्रायचं. १९७१मध्ये अ‍ॅलिस कूपरने वेड्यांच्या इस्पितळातल्या माणसावर एक गाणं केलं आणि त्याला थेट ड्वाइट फ्रायचं नाव दिलं, तेवढीच काय ती भरपाई. त्यातही आडनावाचं ते जोडलेलं शेवटचं अक्षर गाळलेलं आहे.

(पुढच्या आठवड्यात : ‘आलम आरा’तला फकीर. हिंदी पडद्यावरचं पहिलं गाणं नायक-नायिकेच्या नव्हे, तर वझीर मोहम्मद खान या सहकलाकाराच्या तोंडी कसं आलं?)